चित्र काढणारा कुठे उभा होता?

मी इतिहासाची बाई. बी.ए. झाले तेही मराठी माध्यमातून, इतिहास घेऊन. शाळेत मात्र इतिहासाच्या जोडीला भूगोल आपोआप गळ्यात पडतो, आणि भूगोलाबरोबर विश्व, तारे, ग्रह असा एखादा धडाही येतो. तो धडा मी तीसेक वर्षं शिकवला. वर्षाकाठी तीन-चार तास. त्यापलीकडे आकाशाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे आज मी दीर्घिकांवर लिहायला बसले आहे हे कळलं तर माझ्या जुन्या सहकारी बाई हसतील. हसू देत. या लिहिण्यामागे एक जुनी बाकी आहे, ती आधी सांगते.

गोष्ट १९८४ च्या एप्रिलमधली. आमच्या उरण भागासाठी ते वर्ष साधं नव्हतं. जानेवारीत जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनात दास्तान फाट्याला आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेव्हा चूल पेटत होती पण बोलणं बंद होतं. मग एप्रिलच्या सुरुवातीला राकेश शर्मा अवकाशात गेले आणि मुलांची तोंडं पुन्हा उघडली. जो तो रॉकेटची चित्रं काढायला लागला. वार्षिक परीक्षा तोंडावर, पोर्शन राहिलेला, आणि मी घाईघाईने विश्वाचा धडा उरकत होते.

भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर आपली आकाशगंगा, वरून पाहिल्यासारखी, भोवऱ्यासारखी. एका कडेला बाण आणि शेजारी लिहिलेलं, 'आपण येथे आहोत'. मी छडीने बाण दाखवला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा करंजाच्या कोळीवाड्यातला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, हे चित्र काढणारा कुठं उभा होता?"

वर्ग हसला. त्याला वाटलं आपलं नीट कळलं नाही, म्हणून तो पुढे बोलला. "होडीत बसल्यावर होडीचा आकार दिसत नाय. बंदरावर उभं राहिलं की दिसतो. आपण या भोवऱ्याच्या आत हाव ना? मग याला बंदर कुठलं?"

मी म्हटलं, "परीक्षेत हे विचारत नाहीत. खाली बस."

तो बसला. दहावीनंतर बापाच्या होडीवर गेला. माझ्यामुळे गेला असं मी म्हणत नाही, घरची गरज होती. पण माझ्या तासाला त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही, हे मात्र माझ्याच खात्यावर जमा आहे.

इतकी वर्षं हे मनाच्या तळाशी होतं. वर आलं ते २०२५ च्या नोव्हेंबरात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या, म्हणजे एनसीआरएतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर या दोघांनी एक फार लांबची सर्पिल दीर्घिका शोधल्याची बातमी आली. नाव ठेवलं 'अलकनंदा'. बातमीतल्या फोटोत मधे एक तेजस्वी गोळा आणि त्याच्याभोवती दोन सुबक वळलेले हात. मला तो तक्ता आठवला आणि तो मुलगा आठवला. मग मी नातवाच्या मदतीने वाचायला लागले. इतिहासाच्या बाईला सवय एकच, कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधत मागे मागे जायचं. तशी गेले.

दीर्घिका वळलेल्या असतात हे पहिल्यांदा दिसलं १८४५ साली. आयर्लंडमधल्या लॉर्ड रॉस नावाच्या उमरावाने आपल्या वाड्याच्या आवारात ७२ इंची आरशाची दुर्बीण बांधली आणि 'एम ५१' नावाच्या धूसर ठिपक्यात त्याला भोवरा दिसला. तेव्हा आकाशाचे फोटो निघत नव्हते. डोळा दुर्बिणीला आणि हात कागदावर, असं त्याने ते चित्र काढलं. हे भोवरे आपल्याच आकाशगंगेतले ढग आहेत की बाहेरची वेगळी विश्वं, हे पुढे ८० वर्षं कोणाला ठामपणे सांगता येत नव्हतं.

या काळात आपल्या पुण्यातही एक माणूस असल्याच प्रश्नांच्या मागे होता, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी १८८८ मध्ये पुण्यात वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची दुर्बीण पुढे कितीतरी वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या प्रकाशाचा वर्णपट अभ्यासला आणि त्यावरचा निबंध १८९१ मध्ये इंग्लंडात छापून आला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंदच झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर संस्था संपते, हा आपल्याकडचा जुनाच अनुभव.

आता दांड्याची गोष्ट. काही सर्पिल दीर्घिकांमध्ये मधल्या गोळ्यातून थेट हात फुटत नाहीत. आधी ताऱ्यांचा एक सरळ दांडा असतो आणि त्याच्या दोन टोकांपासून हात वळतात. दोन टोकांना फडकी बांधलेली काठी गरगर फिरवावी, तसं काहीसं. इंग्रजीत यांना बार्ड स्पायरल म्हणतात. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या लिक वेधशाळेतल्या हेबर कर्टिस यांनी फोटोंवरून त्या वेगळ्या काढल्या, आणि त्या ग्रीक 'फाय' अक्षरासारख्या दिसतात म्हणून त्यांना तेच नाव दिलं. पुढे १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीतल्या दीर्घिकेत एक विशिष्ट प्रकारचा तारा सापडला. त्याच्यावरून अंतर काढता आलं आणि ही 'विश्वं' आकाशगंगेच्या बाहेरची आहेत हे सिद्ध झालं. १९२६ मध्ये हबलने दीर्घिकांची वर्गवारी केली त्यात साध्या सर्पिल आणि दांड्याच्या सर्पिल असे दोन वेगळे फाटे धरले.

दांड्याच्या दीर्घिकेचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे 'एनजीसी १३००'. जॉन हर्शेल यांनी दक्षिण आफ्रिकेत मुक्काम असताना १८३५ मध्ये ती नोंदवली. आपल्यापासून सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षं लांब. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला हबल दुर्बिणीचा तिचा फोटो नातवाने मला दाखवला. दांडा इतका स्वच्छ दिसतो की शेंबडं पोरही सांगेल.

आणि इथेच गंमत आहे. सहा कोटी प्रकाशवर्षांवरच्या घराचा आढा आपल्याला दिसतो, पण आपण राहतो त्या घराला आढा आहे की नाही हे कळायला किती काळ जावा?

जेरार द वोकुलर यांनी १९६४ मध्ये वायूच्या हालचालींवरून सुचवलं होतं की आपल्याही आकाशगंगेत दांडा असावा. पण ते बरीच वर्षं सुचवण्यापुरतंच राहिलं. अडचण तीच, माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेली. आपण होडीच्या आत. त्यात मधे धुळीचं धुकं, डोळ्यांना दिसणारा प्रकाश ते अडवून टाकतं. मग अवरक्त प्रकाशात पाहणारी उपकरणं आली. हा प्रकाश धुळीतून बराचसा आरपार येतो. १९९१ मध्ये ब्लिट्झ आणि स्पर्गेल यांनी अशा निरीक्षणांवरून दाखवलं की आकाशगंगेचा मध्यभाग दोन्हीकडे सारखा दिसत नाही. पुढे कोबे या उपग्रहाच्या नकाशांनी त्याला दुजोरा दिला. २००५ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने सुमारे तीन कोटी ताऱ्यांची पाहणी केली. त्यातून निघालं की दांडा आहे, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं लांबीचा, आणि सूर्यापासून केंद्राकडे काढलेल्या रेषेशी तो तिरका आहे, सुमारे ४५ अंशांनी.

मध्यभाग दोन्हीकडे सारखा नसला की दांडा कसा ठरतो, हे मला आधी उमगेना. मग एका संध्याकाळी करंजाच्या धक्क्यावर गेले होते, तिथे उमगलं. दिवे लागलेला धक्का आपल्या नजरेला तिरका असेल तर जवळच्या टोकाचे दिवे मोठे आणि पसरलेले दिसतात, लांबच्या टोकाचे बारीक आणि दाटीने. नुसत्या दिव्यांवरून, वर न जाता, धक्का कोणत्या दिशेला कललाय ते सांगता येतं. आकाशगंगेचं केंद्र धनु राशीत. करंजाहून दक्षिणेला पाहिलं तर ते खाडीपलीकडे रेवसच्या अंगाला येतं. अवरक्त नकाशात त्याच्या डाव्या हाताची बाजू जास्त ठळक आणि रुंद दिसते, कारण दांड्याचं ते टोक आपल्याकडे आहे. म्हणजे बंदर नव्हतंच. होडीत बसूनच होडीचा आकार काढला, दिवे मोजून मोजून.

हे मी १९८४ मध्ये त्या मुलाला सांगू शकले असते का? नाही. ही उत्तरं पुढची आहेत. पण "चित्र काढणारा कुठेच उभा नव्हता, हा अंदाज आहे आणि तो बदलू शकतो," एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती? मी ज्या तक्त्यावर छडी आपटत होते तो अंदाज होता, आणि मी तो निकाल म्हणून शिकवत होते. शिवाय अपुरा अंदाज, कारण त्या तक्त्यात दांडा नव्हता.

आता लांबच्या दीर्घिकांकडे येते. लांब म्हणजे जुनं, हे वाचकांना माहीत असेलच. प्रकाशाला यायला वेळ लागतो, म्हणून सहा कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका आपल्याला सहा कोटी वर्षांपूर्वीची दिसते. इतिहासवाल्याला हेवा वाटावा अशी ही गोष्ट. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तोही १८९८ मध्येच, नायगमवाला जेऊरला गेले त्याच वर्षी. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले ते अस्सल कागदासाठी. खगोलवाल्याला अस्सल कागद घरपोच येतो, फक्त थोडा उशिरा.

पण या कागदांचीही एक मेख आहे. एकच दीर्घिका लहानाची मोठी होताना आपल्याला दिसत नाही. प्रत्येकीचा एकच फोटो. कोणाचा बारशाचा, कोणाचा लग्नाचा, कोणाचा एकसष्टीचा. वेगवेगळ्या माणसांचे फोटो ओळीने लावायचे आणि माणूस कसा वाढतो ते ओळखायचं. दांड्याच्या बाबतीत २००८ मध्ये कार्तिक शेठ आणि सहकाऱ्यांनी हबलच्या फोटोंवरून दोन हजारांवर सर्पिल दीर्घिका तपासल्या. आज साधारण दोन तृतीयांश सर्पिल दीर्घिकांत दांडा आढळतो, ७०० कोटी वर्षांपूर्वी जेमतेम पाचवा हिस्सा. अर्थ असा काढला गेला की दांडा हे प्रौढपणाचं लक्षण. दीर्घिकेची तबकडी आधी निवावी, स्थिरावावी लागते, मग तारे एका ओळीत कक्षा धरतात आणि दांडा उभा राहतो. पुढे तोच दांडा वायूला केंद्राकडे ढकलत राहतो.

२५ डिसेंबर २०२१ ला जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली. हबलचा आरसा २.४ मीटरचा, हिचा ६.५ मीटरचा, आणि ही पाहते अवरक्तात. लांबच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेत ताणला जाऊन अवरक्तातच पोचतो, त्यामुळे ती त्यासाठी नेमकी. आणि हबलच्या फोटोत नुसते ठिपके दिसत होते तिथे दांडे दिसायला लागले. २०२३ च्या नोव्हेंबरात स्पेनच्या लुका कॉस्टांटिन आणि सहकाऱ्यांनी 'सीअर्स-२११२' ही दांड्याची सर्पिल दीर्घिका जाहीर केली. महास्फोटानंतर अवघ्या २१० कोटी वर्षांनीची. पुढच्या वर्षीच्या एका पाहणीत त्या जुन्या काळातल्या दांड्यांचं प्रमाण हबलने दाखवलं होतं त्याच्या दुपटीच्या आसपास निघालं.

यात २००८ वाल्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या दुर्बिणीला जेवढं दिसलं तेवढं त्यांनी मोजलं. आम्हाला इतिहासाच्या वर्गात पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, कागद सापडला नाही म्हणजे घटना घडली नाही असं नव्हे. आकाशालाही तोच नियम लागू आहे हे वाचून मला फार बरं वाटलं, खरंच सांगते.

अलकनंदेची नवलाई याच जातीची. महास्फोटाला सुमारे १३८० कोटी वर्षं झाली, आणि ही दिसते ती त्यानंतरच्या १५० कोटी वर्षांनीची. तिच्या प्रकाशाला यायला १२०० कोटी वर्षं लागली. 'एबेल २७४४' नावाचा दीर्घिकांचा समूह मधे आहे, त्याचं वस्तुमान भिंगासारखं काम करतं आणि त्यामुळे ती दुप्पट तेजस्वी दिसते. वेबने ती २१ वेगवेगळ्या गाळण्यांतून टिपली आहे. व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं, तारे सुमारे १००० कोटी सूर्यांच्या वजनाचे, आणि दर वर्षी साठेक सूर्यांइतके नवे तारे जन्मताहेत. आपल्या आकाशगंगेच्या वीसपट वेग हा. त्या वयात दीर्घिका धसमुसळ्या, अस्ताव्यस्त असायला हव्यात असा समज होता. ही मात्र वेणीफणी करून बसलेली. तिची तबकडी शांतपणे फिरते की खळबळत, हे आता वर्णपट घेऊन पाहायचं आहे. त्यावरून हे हात कसे घडले ते ठरेल.

नावही मला आवडलं. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. मंदाकिनी आणि अलकनंदा रुद्रप्रयागला भेटतात. म्हणून ही बहीण. नायगमवालांची दुर्बीण पुणं सोडून गेली त्याला शंभरावर वर्षं झाली. मधे गोविंद स्वरूप आले, खोडदला ४५ मीटरच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये आयुका काढली आणि आमच्यासारख्यांना मराठीत समजेल असं आयुष्यभर लिहिलं. २० मे २०२५ ला ते गेले. अलकनंदेची बातमी त्यानंतर सहाच महिन्यांत आली. या वेळी माणसं गेली पण संस्था राहिल्या, हे नोंदवून ठेवते.

आता बाकी फेडायची गोष्ट. तो विद्यार्थी आता पंचावन्नच्या पुढे गेलाय. डोक्याचे केस पांढरे, मुलगा बोट चालवतो, हा जाळी बघतो. मागच्या महिन्यात द्रोणागिरी देवीचं दर्शन घेऊन उतरले, धक्क्यावर तो भेटला. मी त्याला सगळं सांगितलं. तक्ता, त्याचा प्रश्न, माझं उत्तर. म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. मीच चुकले."

तो हसला. "मना काय आठवत नाय, बाई."

खरंच आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं जपलेला कागद, त्याच्या दप्तरात त्याची नक्कलही नव्हती. वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. मी मोबाइलवर अलकनंदेचा फोटो काढून दाखवला, १२०० कोटी वर्षांचं सांगितलं. त्याने फोटो लांब धरून, डोळे बारीक करून पाहिला. मग म्हणाला, "म्हंजे ही तवाची. आता कशी आसल?"

मी म्हटलं, "आताचं कोणालाच दिसत नाही. तो उजेड अजून निघून वाटेत आहे."

"म्हंजे बोट कवाच गेली, दिवा आता दिसतोय," तो म्हणाला, आणि जाळ्याची गाठ सोडवायला लागला.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. काही दिसलं नाही. जेएनपीटीचे दिवे, तेल कंपनीचे दिवे, आणि आता अटल सेतूचा उजेडही. तो म्हणतो की समुद्रात बरंच आत गेल्यावर पावसाळ्याआधी तो पांढरा पट्टा अजून दिसतो. मी तो शेवटचा कधी पाहिला, सांगता यायचं नाही.

असो. वाचणाऱ्यांत कोणी शिक्षक असतील तर एकच सांगणं. वर्गात मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, तर तो तारीख घालून वहीत लिहून ठेवा. उत्तर २१ वर्षांनी आलं तरी चालेल. मी लिहून ठेवला नव्हता, म्हणून मला एकटीच्या आठवणीवर विसंबावं लागतंय, आणि आठवण हे किती कच्चं साधन, ते इतिहासाच्या बाईला वेगळं सांगायला नको.